सुनेच्या रडण्याचं मी केलेलं इंग्लिश

मी चौथी नापास. पाँडिचेरीच्या एका हॉटेलात दोन वर्षं भांडे घासले, तेवढंच माह्यं फ्रेंच. नमस्कार, पाणी, बिल, आन गोरा शिव्या देऊन राहिला तर ते चेहऱ्यावरून समजे. नागपूरले परत आलो तं मोहल्ल्यात फ्रेंचचा मास्तर झालो. मीच सांगत फिरलो, दुसरं कोण सांगन?

शेजारच्या काकूंची सून फ्रान्सची. पोरगा जहाजावर, त्याचा फोन कई कई दिवस लागत नसे. सून व्हिडिओ कॉल करे, तिले फ्रेंच सोडून काही ये नाही, मंग मले बोलावणं. ती बोले, मी त्याचं इंग्लिश करो, आन मोहल्ल्यातलेच, कळमन्याच्या मार्केटातून रिटायर झालेले क्लार्क काका त्या इंग्लिशचं मराठी करून काकूले सांगत.

काका एकदा म्हणे, "काहून गा, सरळ मराठीतच सांग ना."

"फ्रेंचचं पहिले इंग्लिशच होते, काका. मराठीत बसत नाही ते."

मराठीत सांगतलं असतं तं तिथंच पकडल्या गेलो असतो. इंग्लिशमध्ये 'गुड', 'फाइन', 'ईटिंग' म्हणलं का भागे.

सुनेले दिवस गेले होते, हे पोरानंच सांगतलेलं. काकू दुपटे शिवून राहिल्या होत्या.

त्या दिवशी सून लय वेळ बोलली. मधात डोळे पुसले. मले एक शब्द समजला नाही. काकू माह्या तोंडाकडं पाहून राहिल्या.

मी म्हणलं, "बेबी गुड. हॅपी क्राइंग."

काकांनी मराठी केलं. काकू खळखळून हासल्या आन दुपटं उचललं. "वर धरा, दिसत नाही तिले," हे मीच म्हणलं. तिकडून फोन कापला.

"लाजली," मी म्हणलं. तेवढं मराठीत सांगतलं.

आठ दिवसांनी पोराचा फोन आला. लेकरू पोटातच गेलं होतं. ती त्या दिवशी तेच सांगून राहिली होती.

मी काकूंपुढं जाऊन बसलो. "मले फ्रेंच येत नाही, काकू. पायावर पाय पडला का म्हणतात तो एक शब्द येते, 'पार्दों'. तेवढं म्हणतो मी तिले."

"तू काही म्हणू नको," काकू म्हणल्या. "फक्त लावून दे."

मी लावून देला आन दारापाशी उभा राहिलो. काका काकूंच्या बाजूले बसले होते. दोघी एकमेकीकडं पाहून रडत होत्या. लय वेळानं सून हळूच काहीतरी बोलली.

काकांनी इंग्लिशसाठी माह्याकडं पाहिलंही नाही.