फायलीतला ळ

कळमनुरीच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत नाहिदचं दुकान आहे. बाहेर पाटी झेरॉक्सची. आत लग्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटो. पण तिला स्वतःला विचाराल तर ती सांगेल, मी पुस्तकं करते. ज्यांचं पुस्तक कोणी छापत नाही अशा लेखकांचं लेखन फोनवर वाचता येईल अशा फायलीत बसवून देते. हिंगोली जिल्ह्यात असे लेखक ते किती असणार, असं वाटेल कोणाला. भरपूर आहेत, आणि सगळ्यांनाच घाई आहे.

ही मंडळी वर्डची फाईल पाठवतात आणि पुस्तक झालं असं समजतात. नवं पान हवं म्हणून एंटर दाबत बसतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर आणतात. तो युनिकोडमध्ये घेतला की एका अक्षरावरचा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मग फाईल विक्रीच्या वेबसाइटवर चढवली की परत येते, आणि लेखक फोन करून विचारतात, "काय म्हणतो तो एरर?" जणू एरर हा कोणी तालुक्याचा साहेबच. नाहिद चिडत नाही. चिडली तरी कळू देत नाही. तपासणीच्या सॉफ्टवेअरनं लाल अक्षरात दाखवलेल्या चुका ती भाजी निवडावी तशा एकेक निवडून काढते.

डोंगरकडा गावच्या रुख्मिणीबाई मात्र बिनघाईच्या. अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आणि लहानपणाच्या आठवणी लिहायला बसल्या. वाचक त्यांना एकच हवा होता, थोरला भाऊ जळबा. आईबाप गेल्यावर जळबानंच त्यांना वाढवलं, आणि जळबानंच सातवीत शाळा सोडायला लावून केळीच्या बागेत कामाला लावलं. ते दुःख बाईंनी जन्मभर गिळलं. भावाला तोंडावर कधी बोलल्या नाहीत, पण पुस्तकात लिहिलं. तोवर साखरेच्या आजारानं जळबाची नजर गेली होती. मी वाचून दाखवते म्हटलं, तर तो नको म्हणाला. "तू वाचशील तर माझ्या मनाला लागंल तेवढं गाळशील. फोनला वाचू दे. त्याला कुठं माझी दया येते?"

असं ते पुस्तक नाहिदकडे आलं. पहिल्याच तपासणीत एक चूक निघाली. अनुक्रमणिकेत 'माझी शाळा' नावाचं प्रकरण होतं, आणि फायलीत ते नव्हतंच. नाहिदनं फोन लावला. रुख्मिणीबाई म्हणाल्या की लिहिलं होतं, पण परत काढून टाकलं, ठेवायचा धीर झाला नाही. नाहिदनं सांगितलं, "मावशी, अनुक्रमणिकेतलं नाव पुसून टाकलं तरी ही चूक जाते. तुमी म्हनाल तसं करते." संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर प्रकरण आलं.

फाईल पास झाली. एकही चूक नाही. नाहिदनं ती बाईंना पाठवली, समोरच्या गाड्यावरून चहा मागवला आणि पुढच्या लग्नपत्रिकेला लागली.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी रुख्मिणीबाई उतरल्या चेहऱ्यानं दुकानात आल्या. टेकायच्या आधीच म्हणाल्या, "नाहिद, तुझ्या पुस्तकात ळ न्हाई."

हे ऐकून नाहिदच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याला कारण होतं. तिच्या घरात दखनी उर्दू बोलतात, आणि त्या बोलीत ळ नाही. तिसरीत असताना ती शाळेला शाला म्हणायची आणि डोळ्यांना डोले. मधल्या सुट्टीत पोरी तिला घेरून 'काळी केळी' म्हणायला लावायच्या. तिनं घरी रांजणामागे बसून, जीभ टाळूला लावून लावून तो ळ कमावला होता. इतकी वर्षं मराठीची प्रुफं तपासल्यावर आता हे ऐकायचं? तिनं स्क्रीन बाईंकडे फिरवली. जळबा, शाळा, केळी, माळा. जिथं हवा तिथं ळ होता.

"दिसतोय गं," बाई म्हणाल्या. "पन ऐकू येत न्हाई."

नाहिदनं फायलीतलं तेच प्रकरण आपल्या फोनला वाचायला लावलं. फोन शांतपणे सांगू लागला की जलबानं दप्तर माल्यावर टाकलं, शाला बंद झाली, आणि पोरगी केलीच्या बागेत रडत बसली. नाहिदला आधी हसू आलं. मग हसू विरलं, कारण तिसरीतली नाहिद अगदी असंच बोलायची.

खोट सापडायला वेळ लागला नाही. आदल्या महिन्यात तिनं एका शायराचं हिंदी पुस्तक केलं होतं, आणि त्याच साच्यावर हे बसवलं होतं. पुस्तकाची भाषा नोंदवायच्या जागी हिंदी तसंच राहून गेलं होतं. तपासणारं सॉफ्टवेअर भाषा लिहिली आहे का एवढंच बघतं. ती खरी आहे का, हे त्याला कसं कळावं? फोननंही हुकूम पाळला आणि मराठी पुस्तक हिंदी आवाजात वाचलं. मशीननं पास केलेलं पुस्तक नजर गेलेल्या माणसानं नापास केलं होतं. नाहिदला मनापासून लाज वाटली आणि तिनं ती बोलून दाखवली.

पण बाईंचं दुखणं वेगळंच होतं. शाळेचं प्रकरण सुरू झालं तसा जळबा म्हणाला होता की हे माझं नाव नाही, दुसऱ्याच कोणाचं पुस्तक दिसतंय, आणि काठी टेकत उठून गेला होता. "त्याला निमित्त पायजे व्हतं का खरंच कळलं न्हाई, तेच समजंना मला," बाई म्हणाल्या.

नाहिदनं हिंदीच्या जागी मराठी केलं आणि पुन्हा तपासणी लावली. या वेळी पास होऊनही तिचा विश्वास बसेना. तिनं अख्खं प्रकरण कानानं ऐकलं. जळबाच्या फोनमध्ये मराठी आवाज घालावा लागणार होता, म्हणून शटर ओढून ती बाईंबरोबरच डोंगरकड्याच्या गाडीत बसली.

जळबा ओसरीवर बाजेवर बसला होता. नाहिदनं आवाज घातला, फाईल उघडली आणि फोन त्याच्या गुडघ्याजवळ ठेवला. फोन वाचू लागला. जळबानं दप्तर माळ्यावर टाकलं. शाळा बंद झाली. रुख्मिणीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. प्रकरण संपलं तरी म्हातारा उठला नाही. नाहिदनं फोन बंद करायला हात पुढे केला, तर त्यानं तो चाचपून अडवला.

"मागल्या खेपी ते जलबा म्हनत व्हतं," तो म्हणाला. "मला बरं वाटलं. म्हनलं, कोण्या जलबानं तोडली पोरीची शाळा, आपल्याला काय त्याचं. म्हनून उठून गेलो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आता बराबर वाचून राहिलं. जळबाच हाय त्यो. रुख्मे, चुकलं माझं."

रुख्मिणीबाई चौकट सोडून भावाशेजारी बाजेवर बसल्या आणि लहान पोरीसारख्या मोकळ्या रडल्या. जळबानं फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "आता तू वाच. गाळू नको."