गाळ उडवणारे दादा

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. ओळी वर चढतात, मध्येच खाली येतात. मराठी चौथी झाले आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन्सिल आली ती वाण्याच्या यादीपुरती. ऱ्हस्व-दीर्घाचं काही विचारू नका. ही वही नातीची आहे, अर्धी कोरी राहिली होती ती मी मागून घेतली. कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. दादांबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून लिहिते आहे.

दादा म्हणजे माझे थोरले दीर, कमळूदादा. त्यांची मान वळत नसे. तरुणपणी ताडगोळे काढायला ताडावर चढले आणि अर्ध्यावरून खाली आले. जीव वाचला, मान मात्र तशीच ताठ राहिली. मागून कुणी हाक मारली की अख्खे दादा वळत, दार फिरावं तसे. माझ्या लग्नात फोटो काढायला पनवेलहून माणूस आला होता. तो सारखा म्हणे, "जरा इकडे बघा." दादा प्रत्येक वेळी पायांसकट त्याच्याकडे वळायचे आणि शेजारचा माणूस झाकून टाकायचे. शेवटी फोटोवाल्याने हात जोडले. दादा त्याला म्हणाले, "मान नाय वलत रं बाबा. म्हून तर मी डोका चालवतंय."

डोकं ते खरंच चालवायचे. आमचं घर खाडीकाठचं, पनवेलपासून चालत दोन तासांवर. गावातली सगळी माणसं मिठागरात कामाला. गावापासून मिठागरापर्यंत खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीतून, दीड मैलाचा बांध होता, त्याच्यावरूनच बैलगाड्या मीठ घेऊन यायच्या. पावसाळ्यात उधाणाचं पाणी त्या बांधावरून जायचं आणि आश्विनात पाणी उतरलं की रस्त्यावर गुडघाभर गाळ उरलेला असायचा. दरसाल चाळीस-पन्नास माणसं फावडी-घमेली घेऊन पंधरा-वीस दिवस तो गाळ उपसत. तोवर मिठागरात काही हलत नसे.

दादांनी पनवेलला खडी फोडणाऱ्या एका ठेकेदाराकडे जुना ट्रॅक्टर बघितला. ठेकेदार काढून टाकणार होता. दादा तीन दिवस त्या ट्रॅक्टरभोवती फिरले आणि घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "आये, बैल इकतंय."

सासूबाईंना वाटलं, ताडाचा मार आता डोक्याला लागला.

बैलजोडी विकून ठेकेदाराला पहिले पैसे द्यायचे होते, तरी थोडे कमीच पडत होते. रस्ता साफ करायचं काम दादांनी मिठागराच्या मालकाकडून अंगावर घेतलं होतं, त्याचे पैसे त्रिपुरी पौर्णिमेला मिळायचे होते. बाकीचे त्यानंतर द्यायचे, नाही दिले तर ठेकेदार ट्रॅक्टर परत नेणार आणि आधीचे पैसेही बुडणार, असं ठरलं होतं. आमचे 'हे' मीठ वाहणाऱ्या मचव्यावर कामाला होते, दहा-दहा दिवस घरी नसत. रात्री मी सासूबाईंजवळ माझ्या पाटल्या काढून ठेवल्या. तीन तोळ्यांच्या, माझ्या आईने दिलेल्या. का दिल्या ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दादा त्या ट्रॅक्टरबद्दल बोलायचे तेव्हा मी चुलीपाशी बसून ऐकत असे, आणि मला ते पटत असे, एवढंच.

थोरल्या दिराशी सुनेने बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी पाच वर्षांत दादांशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांचं ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायची आणि सासूबाई त्यांना सांगायच्या, ते समोर बसलेले असले तरी. त्यात माझा स्वभाव असा, की रीत नसती तरी मी बोलले नसतेच.

दादा पाटल्यांकडे बघत सासूबाईंना म्हणाले, "आये, हिराबायला सांग. मी पैसं घेत नाय, सोना घेतंय. सोन्याचा भाव चरला तं चरल्या भावानी देईन."

"अरं, ती हितंच बसलीय," सासूबाई म्हणाल्या.

"मंग ऐकलाच असंल तिनी."

पहिल्यांदा त्यांनी ट्रॅक्टरच्या पुढे फळी बांधून गाळ ढकलून बघितला. पन्नास पावलांत पुढे डोंगर झाला आणि ट्रॅक्टर त्याला नाक लावून उभा राहिला. बघायला सगळं गाव आलं होतं. गाळ उपसण्याची मजुरी जाणार म्हणून लोक आधीच चिडलेले. पदूशेठ नावाचा एक होता, शेठ-बिठ काही नव्हता, जीभ तेवढी श्रीमंत. तो ओरडला, "कमळू, बैल परत आन! त्यांना निदान मागं सरता येतंय!"

दादा खाली उतरले, डोंगराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ढकलला का साचतंय. ओढला पायजे आनि उडवला पायजे."

मग पंधरा दिवस ते आणि पनवेलचा एक लोहार. मोठं लोखंडी पिंप उभं कापलं, आत पाती लावलेला रहाटासारखा एक कणा बसवला आणि ते सगळं दोन चाकांवर ठेवून ट्रॅक्टरच्या मागे जोडलं. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याने तो रहाट गरगर फिरायचा, गाळ खरवडून आत घ्यायचा आणि पिंपाच्या एका बाजूच्या तोंडातून वीस-पंचवीस हातांवर उडवायचा. गाळ ओला असला तर जमायचं नाही. दादा रोज सकाळी जाऊन गाळात बोट घालून बघायचे. "वरनं पापर आनि आतनं खवा झाला का सुरू करायचा." एक दिवस पापड आणि खवा झाला.

आता अडचण अशी, की यंत्र मागे आणि दादांची मान पुढे. मागे काय चाललंय ते बघायला कुणीतरी हवं होतं. गावातला एक पुरुष यायला तयार नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "हिरा जाईल. तिच्या पाटल्या फिरतायत त्या पिंपात."

काम सोपं होतं. मिठागराच्या तळ्यात खाडीचं पाणी नेणारा पाट बांधाच्या डाव्या अंगाने जायचा, म्हणून पिंपाचं तोंड उजवीकडे, खाजणाच्या बाजूला केलेलं. पण अर्ध्या वाटेवर एक मोरी होती. तिथे पाट बांधाखालून उजवीकडे यायचा. मोरीवर गाळ बसलेला, दोन्हीकडे गवत उंच, पुढून काही दिसत नसे. दादांची नजर चाकावर, कारण चाक बांधावरून घसरलं तर सगळंच खाजणात. गाळ उडाल्यावर मागे मोरीचे दगड उघडे पडले की मी हाक मारायची, दादा थांबणार आणि पिंपाचं तोंड डावीकडे फिरवणार.

दादांनी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मला सांगितलं, मी मान हलवली. दादांना ती दिसली की नाही कोण जाणे.

सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला. काय तो आवाज, आणि काय तो गाळ उडायचा! काळा फवारा आभाळात जायचा आणि खाजणात पडायचा. बगळे आधी उडाले, मग मासे मिळतात असं बघून परत आले. मी मागून पदर डोक्यावर घट्ट धरून चालत होते आणि मनातून हसत होते.

मोरीचे दगड दिसले. मी तोंड उघडलं.

आवाज आला नाही. काय म्हणून हाक मारायची? नाव घ्यायचं नाही, 'अहो' म्हणायचं नाही, 'दादा' मी कधी म्हटलेलं नाही. बांधावर पदूशेठ आणि आणखी पाच-सहा जण उभे. सून थोरल्या दिराला भर रस्त्यात हाक मारते हे गावभर झालं असतं. मी हात हलवला, पण मान न वळणाऱ्या माणसाला हात हलवून काय उपयोग! मी पळत पुढे जायला बघितलं, तर गाळाने माझी साडी भरली. आणि ट्रॅक्टर आपला चाललाय, पाट भरत चाललाय.

दोनशे पावलांनंतर दादा स्वतःच थांबले, पाणी प्यायला. खाली उतरले, अख्खे वळले आणि बघितलं. पाट काठोकाठ बुजलेला. मी गाळाने काळी, रडत उभी.

तेवढ्यात मिठागराचा मेहता छत्री टेकत आला. मालकाचा सगळा व्यवहार तोच बघायचा. त्रिपुरी पौर्णिमा तीन दिवसांवर आलेली. तो म्हणाला, "कमळू, ठरलं ते ठरलं. पौर्णिमेच्या उधाणाला तळ्यात पाणी चढलं आणि गाड्या सुटल्या, तर पैसे. नाहीतर एक पैसा मिळणार नाही."

मला ठेकेदार दिसायला लागला, ट्रॅक्टर घेऊन जाताना. त्याच्यामागे माझ्या पाटल्या.

मला वाटलं दादा आता मला बोलतील. ते मेहत्याला म्हणाले, "चूक माजी हाय. मी मागं मानूस ठेवला, त्याला रीत आरवी येईल हा इचार केला नाय." मग पदूशेठपुढे जाऊन उभे राहिले. "पदू, तुमची घमेली रिकामीच हायत ना? यंत्राला पाट उपसता येत नाय. त्याला मानूसच पायजे. मजुरी माज्या पैशातली."

पदूशेठ हसला. "आता कसा! बैल पायजे होते ना?"

"बैल कशाला? तू हायस ना."

सगळे हसले, पदूशेठही हसला, आणि घमेली आणायला माणसं गेली. पाणी तळ्यात आलं नाही तर मिठागर त्यांचंही बंद राहणार होतं, हे काय त्यांना कळत नव्हतं? दोन दिवस पाटात ओळीने माणसं उभी होती. मीही उतरले. सासूबाई भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन काठावर बसल्या आणि सगळ्यांना सारख्याच शिव्या देत होत्या.

राहिलेला अर्धा रस्ता तिसऱ्या दिवशी करायचा होता. निघताना दादा सासूबाईंना म्हणाले, "आये, तिला सांग, आज दुसरा कोनतरी..."

सासूबाईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रीत घरात पालायची. बांधावर पाटल्या पालायच्या. वरड!"

उघाडीच्या अलीकडे, म्हणजे जिथे लाकडी दारं उघडून खाडीचं पाणी आत घेतात त्याच्या थोडं आधी, पिंपाच्या तोंडासमोर पाट पुन्हा वळला. सगळं गाव बांधावर होतं. मी डोळे मिटले आणि ओरडले, "दादाऽऽऽ! थांबाऽऽऽ!"

एवढा आवाज माझ्यात होता हे मलाही माहीत नव्हतं. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. दादांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, माझ्याकडे वळले आणि सासूबाईंच्या मध्यस्थीशिवाय पहिल्यांदाच माझ्याशी बोलले, "हिराबाय, मान वलत नाय माजी, पन कान शाबूत हायत गो."

पौर्णिमेला पाणी आलं. उघाडीची दारं उचलली तेव्हा पाटातून पाणी खळखळत तळ्याकडे गेलं. पदूशेठ पाटाच्या कडेने पाण्याबरोबर पळत होता आणि "मी उपसलाय! हा मी उपसलाय!" असं ओरडत होता. मेहत्याने पैसे दिले. त्यातून आधी मजुरी गेली, मग ठेकेदाराचे गेले. दादांना उरली ती बिडीकाडी.

पुढे आम्ही दोघांनी कितीतरी बांध साफ केले. खाडीपलीकडे उलव्याकडूनही बोलावणं आलं होतं. दादा पुढे, मी मागे. मी "डावीकडं", "थांबा", "चला" एवढंच बोलायची. घरी आले की पुन्हा गप्प. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ट्रॅक्टरला दोन डोलं हायत. पुढचं माजं, मागचं हिराबायचं." कुणी त्यांना मागल्या गोष्टी उकरून काही विचारलं तर म्हणायचे, "माजा काम पुढचा. मागचा हिराबायला इचार." आणि लोक खरंच मला विचारायला यायचे. कुणाचं शेत कुठपर्यंत, कुणाची मुलगी कुठल्या साली दिली, सगळं. लाजतलाजत का होईना, मला सांगावं लागायचं.

दादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काही दुखलं नाही, खुपलं नाही. सकाळी चहा पिऊन खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. खांदा द्यायला आलेल्यांत म्हातारा पदूशेठ होता, आणि सगळ्यांत जास्त रडला तोच.

पाटल्यांचं मात्र सांगायला हवं. दादा दर दिवाळीच्या आधी पनवेलला सोनाराच्या पेढीवर जायचे आणि भाव विचारून यायचे. भाव वाढलेलाच असायचा. सासूबाई वैतागायच्या, "अरं, घेतलं तेवढं दे ना! हा भाव तुला कधी गाठू देनार नाय." दादा ऐकायचे नाहीत. होतील तसे पैसे माझ्या हाती द्यायचे आणि त्या दिवशीच्या भावाने किती गुंजा सोनं फिटलं ते मला मांडायला लावायचे, कारण घरात चौथी शिकलेली मी एकटी. पाच हंगाम असे गेले.

पाचव्या वर्षी उन्हाळ्यात मी अंगणात जवळा सुकत घालत होते. दादा पनवेलहून आले. टोपीतून सोनाराची चिठ्ठी काढली, कोपरीच्या खिशातून नोटा काढल्या आणि माझ्यासमोर धरल्या. म्हणाले, "मांड."

मी हात पुसले. जमिनीवर काडीने मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. जवळ्यावर कावळे बसले तरी मी उठले नाही. दादा उन्हात उभेच होते.

"दादा," मी म्हटलं, "तीन तोळे पुरे झाले."

"बग नीट. गुंजभर बी ऱ्हायला नाय ना?"

"नाही राहिलं. फिटलं सगळं."