पोटातलं पांढरं

नातीची गोधडी शिवायला काढली त्या आठवड्यात आमच्या घरात तिघांचं चांगलंच वाजलं. कशावरून, तर पांढरा हा रंग आहे की नाही यावरून. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. आता येत नाही. पुढे त्याच पांढऱ्यापायी पोरीचा एक डोळा पणाला लागला, आणि डोळ्यामागोमाग जीवही.

मी रत्नागिरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आमचे हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण त्यांचं शिकवणं काही निवृत्त झालं नाही. घरात विद्यार्थी नसतात, म्हणून मी असते. तिसऱ्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. लेक बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा त्या देवरूखकडच्या गावातून मदतीला आल्या, त्या सुई-दोरा कमरेला लावूनच. बाळ झालं, मुलगी झाली, आणि बारशाआधी गोधडी हवी म्हणून त्यांनी पडवीत जुनी लुगडी पसरली.

मी माझी एक पांढरी सुती साडी पुढे केली. लाल, निळ्या, हिरव्या तुकड्यांच्या मध्ये पांढऱ्या पट्ट्या घाला, रंग उठून दिसतील, असं माझं म्हणणं. वन्संनी साडी गालाला लावून पाहिली.

"मऊ हाय. पण ह्यां वर नाय घालायचं. पांढरा काय रंग हाय? पांढरं पोटात घालायचं."

"आणि वर घातलं तर?"

"पांढरं वर दिसायला लागलं की गोधडी इरली म्हणायची. मग ती उसवायचीच."

आतून हे आलेच. "अक्का, पांढरा म्हणजे सगळे रंग एकदम. वस्तूवर पडलेला सगळा उजेड ती परत पाठवते, म्हणून पांढरी दिसते." एवढ्यावर थांबले असते तर ते आमचे हे कसले? माळ्यावरून सात रंगांची चकती काढून त्यांनी ती गरागरा फिरवून दाखवली. ती मळकट राखी दिसली. "ह्यो तर चुलीतला रंग झाला," वन्सं म्हणाल्या, आणि बाळंतिणीच्या खोलीतून लेकीचं हसणं ऐकू आलं.

माझं मत तिसरंच. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. कागद कोरा सोडायचा, तोच पांढरा. मुलांना डोळा काढायला शिकवते तेव्हा मी हेच घोकून घेते: बाहुली काळी करा, पण कडेला एक ठिपका सोडा. तेवढ्या कोऱ्या ठिपक्याने डोळा जिवंत होतो. मुलं घाईत सगळं काळं करून टाकतात आणि मग पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली मागायला येतात. तसा वरून लावलेला ठिपका मला कधीच आवडला नाही.

शेवटी वन्संचंच खरं झालं, कारण सुई त्यांच्या हातात होती. माझी साडी पोटात, आतल्या थरात गेली. वरून लाल, निळा, हिरवा, हळदी. गोधडी दिसत होती मात्र देखणी.

बाळ त्या गोधडीवर वाढलं. तिच्याशी आम्ही गोधडीचं टोक तोंडावर धरून लपाछपी खेळायचो. सगळा चेहरा झाकला की ती हसायची. नुसता डावा डोळा झाकला तरी हसायची. पण उजव्या डोळ्यावर टोक आलं की किंचाळायची, हातांनी ते ओढून काढायची, घामाघूम व्हायची. जावई मुंबईहून शनिवार-रविवारी येत, ते म्हणायचे, हिला उजवीकडून चेष्टा चालत नाही. आम्ही सगळे हसायचो. पाहुणे आले की तिला मुद्दाम तसं करून दाखवायचो. पोर आम्हाला सांगत होती, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

उष्टावणाच्या संध्याकाळी लाइट गेली. तिला पाटावर बसवलं होतं, खिरीची वाटी समोर होती, आणि आमच्याकडे लाइट अशाच वेळी जाते. इन्व्हर्टरचा एक दिवा तेवढा मिणमिणत होता. लेकीने फोनचा फ्लॅश लावून भराभर फोटो काढले. पाहुणे गेल्यावर आम्ही चौघं ते बघायला बसलो. पोर गोधडीवर झोपली होती.

"ई, डोळे बघा कसे आलेत, भुतासारखे लाल," लेक म्हणाली.

ह्यांनी चष्मा पुढे ओढला. मला वाटलं, झालं, आता तास सुरू. आणि झालाच. "अगं, ते वाईट नाही. अंधारात बाहुली मोठी होते. उजेड तिच्यातून आत जातो. डोळ्याच्या मागच्या पडद्यात रक्त असतं, त्याचा लाल रंग घेऊन परत येतो. चांगला डोळा असाच लाल येतो."

"मग हा डावा पांढरा का?" लेकीने विचारलं.

"तिथून..." एवढं बोलून ते थांबले. त्यांनी दुसरा फोटो उघडला, मग तिसरा. प्रत्येकात उजवा डोळा लाल आणि डावा पांढरा. मी ह्यांच्याबरोबर संसार केलाय. ह्यांचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मी फोन हातात घेतला. पहिल्यांदा वाटलं, तो माझाच ठिपका असेल, चमकेचा. पण चमकेचा ठिपका छोटा असतो, कडेला असतो आणि दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला असतो. हे पांढरं बाहुलीभर होतं. मांजराच्या डोळ्यात बॅटरी मारल्यावर दिसतं तसं. आत काहीतरी उभं होतं आणि ते आलेला सगळा उजेड परत पाठवत होतं.

वन्संनी फोन डोळ्यांजवळ नेला. "आतलं भायेर आलं," त्या म्हणाल्या, आणि लगेच पदर तोंडावर दाबला.

"आत्या, असलं काही बोलू नकोस!" लेक ओरडली. त्या आवाजाने बाळ जागं झालं. कोणी उचलून घेण्याआधी आम्ही चौघांनीही वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. दिव्याच्या उजेडात दोन्ही डोळे काळेभोर, एकसारखे दिसत होते. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सकाळी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घालून आत पाहिलं, आणि मग आमच्याशी बोलताना एकाकडेही पाहिलं नाही. मुंबईला जा, आजच निघा, म्हणाले. मुंबईत पोरीला भूल देऊन तपासलं. डोळ्याच्या आत गाठ होती. कॅन्सर हा शब्द डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात उच्चारला. हळू बोलून तो लहान होतो का? डाव्या डोळ्याची नजर गेलेलीच होती. डोळा ठेवला तर गाठ डोळ्यामागच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे जाईल, काढला तर मुलगी वाचण्याची आशा चांगली. जावयांनी सही केली. लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला राग आला होता, कुणाचा ते मला कळत नव्हतं. एवढ्याशा डोळ्यात कॅन्सर काय शोधायला गेला होता?

डोळा काढला. उजवा स्वच्छ निघाला. पण दर काही महिन्यांनी पुन्हा भूल, पुन्हा तपासणी.

जखम भरल्यावर कृत्रिम डोळा बसवायची वेळ आली. तो बनवणाऱ्याच्या खोलीत मी लेकीबरोबर गेले. बुबुळ रंगवणं कठीण असेल असं मला वाटलं होतं. ते त्याने झटक्यात जमवलं. मग त्याने एक पेटी उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. त्यात नुसत्या पांढऱ्या चकत्या होत्या, आणि एकही दुसरीसारखी नव्हती. पिवळसर, राखाडी, गुलाबीकडे झुकणारी, निळसर.

"तुम्ही चित्रकलेच्या बाई ना? खिडकीपाशी बसा आणि हिच्या डोळ्यातलं पांढरं यातलं कुठलं ते सांगा," तो म्हणाला.

मी पोरीला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसले. पांढरा लावायचा नसतो, असं मी आयुष्यभर सांगत आले. आता कोरा सोडायला कागद नव्हता. मी एकेक चकती तिच्या उजव्या डोळ्याशेजारी धरत होते, आणि पोर ती पकडायला बघत होती. लेक मागून म्हणाली, "आई, नीट बघ." मी पेटी पुन्हा पहिल्यापासून पाहिली. पाणी घातलेल्या दुधाची असते तशी निळसर झाक असलेली एक चकती मी निवडली. त्याने मान डोलावली. वय वाढेल तसा पांढराही बदलत जातो, तेव्हा डोळाही बदलावा लागेल, असं तो म्हणाला. त्या पांढऱ्यावर तो लाल रेशमाचे केसासारखे धागे चिकटवत होता, शिरा म्हणून. घरी आल्यावर वन्संनी एवढंच विचारलं, दोरा पक्क्या रंगाचा होता ना?

आता पोर बोलते. रंगांची नावं ती गोधडीवरच शिकली. गेल्या पंधरवड्यात जावई-लेक तिला घेऊन आले होते, आणि ती पडवीत गोधडीवर बसून एकेका तुकड्यावर बोट ठेवत होती. लाल, निळा, हिरवा, हळदी. मग कोपऱ्यावर बोट गेलं, तिथे लाल तुकडा विरून भोक पडलं होतं. तिने त्यात बोट घातलं आणि खुशीत ओरडली, "पांढरा!"

ह्यांनी रंगाचा विषय काढला नाही, मीही नाही. वन्सं उठल्या, त्यांनी सुई ओवली आणि तिला तशीच बसू देऊन त्या कोपऱ्यावर ठिगळ धरलं. त्यांना दोरा नीट दिसत नव्हता, कारण डोळे भरले होते.

पडवीत अंधारलं होतं. मी फोन काढला, फ्लॅश चालू केला आणि म्हटलं, "इकडे बघ गो बाय, आजीकडे." तिने पाहिलं. आम्ही सगळे फोनवर वाकलो. उजवा डोळा लाल आला होता. मग लेकीने पानं घेतली आणि आम्ही जेवायला बसलो.