टेस्टसाठी आईचा नंबर

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं. रुग्णांना तपासणीची आठवण करून देणारं. मेसेज पाठवणारा भाग मी आठवणीच्या कोडच्या पोटातच बसवून टाकला, आणि कोड नीट चालतो का हे पाहायच्या टेस्टसाठी एक नंबर हवा म्हणून आईचा घातला. आळसाला आम्ही सोय म्हणतो.

झालं असं, की मी अंधेरीच्या ऑफिसात टेस्ट चालवली की बोरिवलीत आईच्या फोनवर खराखुरा मेसेज जायचा. 'उद्या सकाळी दहा वाजता आपली तपासणी आहे.' दोन मिनिटांत तिचा फोन. "आला रे तुझा मेसेज. जेवलास का?" मी वैतागायचो. मीटिंगमध्ये असलो तर फोन कापायचो.

ती गेली त्याला चार महिने झाले. मला रडू आलं नाही, अजून येत नाही. आत काही हलतच नाही. तेराव्यानंतर कामावर आलो, सवयीने टेस्ट चालवली, तर बाबांचा फोन. "तुझ्या आईच्या फोनवर मेसेज आलाय. म्हणजे ऑफिसात पोचलास." तेव्हापासून ते तिचा फोन रोज चार्जिंगला लावतात.

गेल्या आठवड्यात टीममधल्या नव्या मुलीने तो कोड पाहिला. "मेसेजवाला आतच का बनवलायस? बाहेरून दे ना. दवाखान्यात खरा, टेस्टला खोटा. आणि हा नंबर कोणाचा रे?"

"असाच. टेस्टचा."

तिचं बरोबर होतं. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. ज्याला जे लागतं ते त्याने स्वतः घडवायचं नाही, बाहेरून त्याच्या हातात द्यायचं. नव्या पोरांना हे मीच शिकवतो, दिव्याखाली अंधार. दुपारभरात बदल केला. खोटा मेसेजवाला चार ओळींचा. मजकूर घेतो, 'पाठवला' म्हणतो, पाठवत काहीच नाही. त्याचं माझं चांगलं जमेल असं वाटलं. टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास. आईचा नंबर पुसून टाकला.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन आला. "बरा आहेस ना? मेसेज नाही आला."

"बंद केला, बाबा. तो चुकूनच येत होता."

"मग हिचा फोन चार्जिंगला लावू की नको?"

"लावा," म्हटलं.

डबा समोर तसाच होता. उघडला, गार भाजी-पोळी संपवली. मग माझ्या फोनवरून, पाठ असलेल्या त्या नंबरावर, स्वतः टाईप केलं, 'जेवलो.'