यादीप्रमाणे लावलेली कपाटं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नवं सॉफ्टवेअर आलं आणि पहिल्याच आठवड्यात त्याने मला खोटं पाडलं. मंगळवारी तपासणीची कमिटी येणार होती. प्राचार्यांनी संगणकातून पुस्तकांची यादी काढली, कपाटापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे रॅक तर यादीशी मॅचच नाही होऊन राहिले."

चूक यादीची होती. पुस्तकाच्या पाठीवर जो बोधांक चिकटवतात, त्यात टिंबानंतरचे आकडे डावीकडून एकेक करून वाचायचे असतात. म्हणून ३३८.१०९ आधी आणि ३३८.१७ नंतर. शाळेत दशांश अपूर्णांक शिकलेल्या कुणालाही हे कळावं. पण सॉफ्टवेअरवाल्याने टिंबापाशी आकडा तोडला आणि सतरा एकशे नऊपेक्षा लहान, असं ठरवून मोकळा झाला. मी सरांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "एवढ्या मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर चुकेल का? रॅक बदलवून टाका."

तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! कंपनीला फोन केला, तर म्हणे पुढच्या व्हर्जनमध्ये पाहू. मग म्हटलं, मरा, यादी नीट लावणारा प्रोग्राम मीच लिहिते. हौसेने शिकलेलं थोडंफार प्रोग्रामिंग येत होतं.

घाई मला कमिटीची नव्हती. दर शनिवारी भिवापूरहून एक एम.ए.ची मुलगी यायची. सोमवारी तिचा पेपर होता. तिला लागणारं शेतमालाच्या बाजारावरचं जाडजूड पुस्तक संदर्भाचं, म्हणजे घरी न्यायची सोय नाही, इथेच बसून वाचायचं. लाजाळू पोर, कुणाला काही विचारायची नाही, थेट ३३८.१७ पाशी जायची. तिथे पुस्तक नसलं, तर तिच्यापुरतं ते ग्रंथालयातच नाही.

शनिवारी सकाळी ग्रंथालयातल्या माझ्या खोलीचं दार लावून बसले. टिंबाआधीचा भाग संख्या म्हणून वाचायचा, नंतरचा अक्षरांसारखा एकेक, मग लेखकाच्या आडनावाची अक्षरं. ज्या पुस्तकांना लेखकच नाही, त्यांनी पुन्हा पुन्हा घोळ घातला. दर घोळाला मी सरांना मनात जे बोलत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुपारी यादी बरोबर लागली. मी खुशीत दार उघडलं.

कपाटं हललेली होती. आमच्या शिपाईबाई पदराने घाम पुसत उभ्या होत्या.

"सरनं सकाळीच सांगतलं, यादीपरमानं लावा म्हणून. लावून टाकले."

"मले काहून नाही विचारलं, बाई?" रागाने माझीही घरची भाषा बाहेर आली.

"तुमचं दार बंद होतं ना!"

"अन् ते भिवापूरची पोरगी?"

"आली होती. पुस्तक नाही भेटलं तिले. आत्ताच गेली बसस्टँडवर."

पुस्तक दोन कपाटं अलीकडे निघालं. ते उचललं आणि स्कूटी काढली. रस्ताभर सिग्नलला, रिक्षावाल्यांना, स्वतःच्या बंद दाराला शिव्या घालत गेले. भिवापूरची बस भरली होती. ती खिडकीशी बसली होती, डोळे सुजलेले. मी खिडकीतून पुस्तक आत सरकवलं.

"मॅडम, हे तर बाहेर नेता येत नाही ना?"

"ने. पेपर झाला की आणून दे."

रविवारी बाईंना आणि मला सगळी पुस्तकं पुन्हा मूळ जागी लावावी लागली. सर फिरकले नाहीत.

मंगळवारी कमिटीतले एक गृहस्थ माझी यादी घेऊन रॅकपाशी गेले. सगळं जुळत होतं. अर्थशास्त्राच्या कपाटात मात्र एक जागा रिकामी होती. सरांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "मॅडम, संदर्भाचं पुस्तक बाहेर कसं काय गेलं?"

"मी दिलं, सर," मी म्हणाले. "तुम्ही लावलेल्या कपाटात ते वाचणारीला सापडत नव्हतं."