एका घरात दोन मोजण्या

पोरगी नागपूरला निघून जाईल या भीतीनं त्या सकाळी मी चहा तसाच ठेवला. तिची आई वारून वर्ष झालं नव्हतं. बालाघाटच्या एका कॉम्प्युटर सेंटरवाल्यानं तिला एक वेबपेज करून दाखवायला सांगितलं होतं. त्यात वारासिवनी, बैहर, कटंगीकडच्या बसगाड्या दिसायला पाहिजेत. जमलं तर नोकरी, नाही तर मी नागपूरला मामाकडं जाते, असं तिनंच सांगून टाकलं होतं. अकराला दाखवायचं होतं. लाईट दहाला जाणार होती. लाईट जायची वेळेवर, यायची आपल्या मर्जीनं.

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पेज उघडलं की वारासिवनीपाशीच अडकायचं. माऊससुद्धा हलायचा नाही. ती बंद करायची, पुन्हा लावायची. मी मागं उभा.

"झालं का वं?"

"बाबा, घडीघडी विचारू नका ना."

"मंग बिघडलं काय, थे तरी सांग."

मी चौथी शिकलेला. पण तिनं सांगितलं. "पेजातलं एक काम गावं मोजते. एकेका गावापाशी थे दुसऱ्या कामाले बोलावते. दुसरं त्या गावच्या गाड्या मोजते. दोघायचे आकडे मी एकाच नावात लिहिले..."

बोलता बोलता ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आई तुमच्यावर ओरडे, तसं होऊन राह्यलं बाबा."

मी अंगणात मिलचा बारदाना, रिकामी पोती, मोजायचो, मोठ्यानं. आत तिची आई तांदळाच्या पायल्या मोजायची. माझा आकडा तिच्या तोंडात यायचा. "मनात मोजा ना हो! झाले का माह्ये तांदूळ पुन्हा पहिल्यापासून!"

"गाड्या मोजणारं गावाचा आकडा पुसते," पोरगी म्हणाली. "मंग तेच गाव पुन्हा. सरतच नाही. ज्याचा आकडा त्याच्यापाशीच पाहिजे, बाहेर नाही. अन् जवळ असला की लवकर सापडते, कॉम्प्युटरले सगळीकडं हुडकावं लागत नाही."

ज्याचा आकडा त्याच्यापाशी ठेवणारा एक लहानसा शब्द तिनं दोन्ही ठिकाणी टाकला. पेज उघडलं. वारासिवनी, बैहर, कटंगी, झरझर खाली. तिनं ते फ्लॉपीत घेतलं, अन् पंखा थांबला. लाईट गेली.

ती सायकल घेऊन पळाली. मी दारात. मिलची गाडी बारदाना टाकून गेली, मी हात लावला नाही. पास झाली असंल, का तिथंही अडकलं असंल? उद्या दोघांचा भात लागंल, का एकट्याचाच? भिंतीवरच्या तिच्या आईच्या फोटोकडं पाहायची हिंमत होईना.

दुपारी ती आली. सायकल आपटून लावली.

"ठेवलं मले कामावर."

"म्हणजे जात नाहीस?"

"काहून जाऊ?"

ती तांदूळ काढायला आत गेली. मी अंगणात बारदाना ओढला अन् मनात मोजायला लागलो.

"बाबा," आतून आवाज आला, "मोठ्यानं मोजा. घर सुनं लागते."

मी मोठ्यानं मोजायला लागलो. आतून तिची तांदळाची मोजणी ऐकू आली, अन् थोड्याच पोत्यांवर माझा आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून.