खुर्चीत असून नसलेले मामा

करारपत्रं तपासणाऱ्या मामांची बैठक म्हणजे समाधीच. एकदा कागदात डोकं घातलं, की माशी बसली तरी ते हलायचे नाहीत. जुन्या कार्यालयात या गुणाचं कौतुक होत असे.

मग कार्यालय काचेच्या नव्या इमारतीत गेलं. ही इमारत हुशार होती. माणूस हलला तरच ती दिवा लावायची, आणि कोणती खुर्ची वापरात आहे हेही तीच ठरवायची. मामा कामाला लागले, की डोक्यावरचा दिवा विझायचा. अखेर साहेबांनी बोलावलं.

"मामा, तुमची खुर्ची रिकामी असते म्हणे. दुसऱ्याला द्यावी लागेल."

"अहो, मी रोज तिथेच बसतो. तुम्ही येता-जाता बघता की!"

"मी बघतो हो. पण इमारतीला दिसायला हवं ना!"

घरी मामींनी हे ऐकलं आणि भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "लग्नापासून मी हेच सांगतेय. इमारतीला महिन्यात कळलं!"

दुसऱ्या दिवसापासून मामा हलू लागले. मान डोलवायची, हात उडवायचे, मध्येच उठून खुर्चीभोवती फेरी मारायची. खुर्ची वाचली. करार मात्र एकही वाचून होईना.

काही दिवसांनी साहेबांनी पाठ थोपटली. "वा मामा! इमारत म्हणते, तुमच्याइतकं काम कुणीच करत नाही." आणि न तपासलेल्या करारांवर त्यांनी खुशाल सह्या ठोकल्या.

क्षणभर थांबून खरं सांगावं, असं मामांना वाटलं. पण थांबणं आता परवडणारं नव्हतं.